रेंजरला जंगलातच काही काम उरत नाही; क्लास बदलू की नियम बदलू?

चारभिंती, सातारा

नमस्कार मंडळी. गेल्या जूनपासून आमच्या घरी दर रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, मिळून गोष्ट रचत खेळायचा खेळ चालतो. पाचवी आवृत्ती, २०१४ चं प्लेयर्स हँडबुक. तेवढं एकच पुस्तक चौघांत फिरतं. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. पार्टीत, म्हणजे पात्रांच्या गटात, पॅलाडिन (धर्मयोद्धा), चोर, जादूगार आणि रेंजर (रानाचा जाणकार लढवय्या). पात्राच्या या प्रकाराला क्लास म्हणतात. शाहूपुरीतल्या वरच्या खोलीत सतरंजी टाकून बसतो. शत्रूंच्या सोंगट्या घरच्याच: गॉब्लिन म्हणजे चिंचोके, ओगर म्हणजे सुपारी.

प्रश्न रेंजरचा आहे. रेंजर खेळते माझी आतेबहीण. ती पाटण तालुक्यातली, कोयनेच्या जंगलाला लागून असलेल्या गावात वाढलेली. गव्याच्या खुराच्या ठशात पाणी साचलेलं दिसलं तर ते गढूळ आहे की निवळलंय हे आधी बघायचं, गढूळ असेल तर जनावर आत्ताच पुढं गेलंय, तिथूनच माघारी वळायचं, हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती नववीत होती. आजोबांकडून शिकलेली. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना क्लासची नावं आणि दोन-दोन ओळी वाचून दाखवत होतो. रेंजर आला तसं तिनं मला थांबवलं. "दादा, हेच. पुढचं वाचू नकोस." पात्राचं नाव ठेवलं कारवी.

पार्टी तिसऱ्या लेव्हलला पोचली तेव्हा कथा जंगलात शिरणार होती. मी तीन आठवडे तयारी केली. डोळ्यासमोर कोयनेचं खोरंच होतं. धुकं, जळवा, फुगलेला ओढा, एकसारख्या दिसणाऱ्या दोन खिंडी, रात्री शेकोटी पेटवायची की अंधारात बसायचं. वहीची अकरा पानं भरली होती. हे सगळं तिच्यासाठी होतं.

"वाट कोण काढणार?" मी विचारलं. ती म्हणाली, मी. आणि तिनं शीटवरचं, म्हणजे पात्राच्या नोंदींच्या कागदावरचं, नॅचरल एक्सप्लोरर हे रेंजरचं कौशल्य वाचायला घेतलं. निवडलेल्या भूप्रदेशात (तिचं जंगल) तासाभराहून जास्त प्रवास असेल तर जादूशिवाय कशानंही गट वाट चुकत नाही. अवघड जमिनीनं गटाचा वेग कमी होत नाही. दुसरं काही करत असली तरी ती धोक्याबद्दल सावध असते. अन्न शोधलं तर दुप्पट मिळतं. म्हणजे वाटेसाठी फासा टाकायचाच नाही. ओढा? वेग कमी होत नाही. खिंड? वाट चुकत नाही. दहा मिनिटांत जंगल संपलं.

"म्हणजे पोचलो आपण?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. मग थोडं थांबून म्हणाली, "मी काय केलं पण?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढं कथा जंगलाबाहेर गेली आणि उलटंच झालं. माझा नकाशा आपल्या जिल्ह्यावर बेतलेला आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास. पार्टी पूर्वेला माळावर उतरली आणि त्या सगळ्या ओळी एकदम बंद पडल्या. दुसरा भूप्रदेश थेट सहाव्या लेव्हलला मिळतो. म्हणजे जंगलात सगळं आपोआप आणि माळावर काहीच नाही. तिनं हुशारी दाखवावी अशी जागा दोन्हीकडे नाही.

रेंजरला 'आवडता शत्रू' म्हणून जिवांचा एक गट निवडायचा असतो, त्याचंही तेच. तिला जनावरं कळतात म्हणून तिनं 'बीस्ट', म्हणजे जनावरांचा गट, घेतला. घेताना अडखळली, कारण पुस्तक त्याला शत्रू म्हणतं आणि तिला एकही जनावर मारायचं नाही. मिळालं काय, तर माग काढताना आणि माहिती आठवताना ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा). मग तिसऱ्या लेव्हलचं प्रायमीव्हल अवेअरनेस. त्यासाठी स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) खर्चायचा, मग एक मैलात, आपल्या भूप्रदेशात असाल तर सहा मैलांत, अमुक प्रकारचे जीव आहेत की नाहीत एवढंच कळतं. कुठं आहेत, किती आहेत ते नाही. साताऱ्यात बसून सहा मैल म्हटलं तर अजिंक्यतारा, यवतेश्वर, संगम माहुली सगळं त्यात आलं. त्यात कुठंतरी एक ड्रॅगन आहे हे कळून करायचं काय? आणि त्या यादीत ड्रॅगन, फे (परीलोकातले जीव), फीन्ड (नरकातले जीव), अनडेड (मेलेले पण हिंडणारे) आहेत, पण बीस्ट नाहीच. जनावरांची जाणकार आणि तिला जनावरांचीच चाहूल नाही.

आता पार्टी पाचव्या लेव्हलला आहे आणि परवा ती म्हणाली, "दादा, मी पॅलाडिन घेऊ का?" घेऊ दे, तिची मर्जी. पण जिच्यासाठी हा क्लास लिहिल्यासारखा वाटतो तीच तो सोडतेय याचं मला फार वाईट वाटतंय. तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? काय केलंत?


गुहेचं तोंड

अहो, हे सगळं डीएमच्या हातात असतं. तिनं बीस्ट घेतलंय ना, मग जनावरं घाला समोर. जंगल घेतलंय तर कथा जंगलात ठेवा. आमच्या टेबलावर रेंजरवाल्यानं अनडेड घेतलं होतं, डीएमनं वर्षभर स्मशानं आणि थडगी पुरवली. कुणाची काही तक्रार नव्हती.

आणि माळावर फार अडचण येते असंही मला वाटत नाही. पाचव्या लेव्हलला दोन बाण, नेम लागायला आर्चरी स्टाइलचे अधिक २, डॅमेजवर हंटर्स मार्क या स्पेलचा १डी६ (सहा बाजूंचा एक फासा). लढाईत रेंजर मागं पडत नाही.


चारभिंती, सातारा

लढाईबद्दल तुमचं बरोबर आहे. ती रेंजरमधल्या हंटर या उपप्रकाराची आहे, जखमी शत्रूवर दर फेरीला कोलोसस स्लेयरचा १डी८ वर मिळतो. डॅमेज मोजलं तर ती पॅलाडिनच्या फार मागं नसते. ती कमजोर आहे अशी माझी तक्रारच नाही.

पण कथाच तिच्या शीटप्रमाणे वळवायची हे मला पटत नाही. आमचा पॅलाडिन बघा. त्याच्या डिव्हाइन स्माइट या वाराला पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला २डी८ डॅमेज, समोर कुणीही असो. अनडेड किंवा फीन्ड निघाला तर वर आणखी १डी८. म्हणजे पाया सगळीकडे चालतो आणि योग आला तर भर पडते. रेंजरला पुस्तकानं ती वरची भर तेवढी दिली, खालचा पाया दिलाच नाही. पॅलाडिनसाठी मला नकाशा बदलावा लागत नाही. रेंजरसाठी बदलावा लागत असेल तर तो दोष क्लासच्या रचनेत आहे.


हळदपेठ, सांगली

प्रश्न नीट मांडलाय. मी तीसेक वर्षं हा खेळ खेळतोय, दुसऱ्या आवृत्तीपासून. ती पुस्तकं २०१९ च्या ऑगस्टात पुराच्या पाण्यात गेली. तळमजल्यावर ठेवली होती. रेंजरचं पान मात्र अजून डोळ्यासमोर आहे.

हा क्लास मूळ १९७४ च्या खेळात नव्हता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा खेळ आल्यावर वर्षभरानं, १९७५ मध्ये, जो फिशर यांनी तो प्रकाशकांच्या वार्तापत्रात लिहिला. त्या रेंजरला ओगर, ट्रोल, राक्षस अशा 'जायंट' गटातल्या शत्रूंवर लेव्हलगणिक वाढणारं डॅमेज होतं. आवडत्या शत्रूचं मूळ ते. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत एक जात निवडायची आणि तिच्यावर हल्ल्याला अधिक ४. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीतही डॅमेजवर भर होतीच. २०१४ ला ती भर काढून घेतली आणि माग काढणं, आठवणं आणि एक भाषा एवढंच ठेवलं. विसाव्या लेव्हलला जाऊन विसडमचा आकडा हल्ल्यात किंवा डॅमेजमध्ये मिळवता येतो, तोही आवडत्या शत्रूवरच आणि प्रत्येक टर्नला एकदा. विसाव्या लेव्हलपर्यंत किती टेबलं पोचतात ते तुम्हीच सांगा.

पण आकडे बाजूला ठेवा. तुमच्या बहिणीनं विचारलं ना, "मी काय केलं पण?", दुखणं नेमकं तिथं आहे. चोराला कुलूप दिसलं तर तो फासा टाकतो, सगळे श्वास रोखतात, आणि कुलूप उघडलं तर ते त्यानं उघडलेलं असतं. 'चोर असेल तर कुलपं आपोआप उघडतात' असं पुस्तकात लिहिलं असतं तर चोर कुणी खेळला असता का? रेंजरच्या बाबतीत तसंच लिहिलंय. त्याचं कौशल्य म्हणजे अडचण पुसून टाकणं. अडचण गेली की तो प्रसंगही गेला.

आणि इतकं करूनही ते त्याचं एकट्याचं राहत नाही. तुमच्या चोराची पार्श्वभूमी काय आहे हो? आउटलँडर (रानावनात वाढलेला) असेल तर तो स्वतःला आणि आणखी पाच जणांना रोजचं अन्नपाणी मिळवून देतो, कुठल्याही क्लासशिवाय. गुडबेरी हे स्पेल घेतलं की एका स्लॉटात दहा फळं, एका फळावर माणसाचा दिवस निघतो. मग दुप्पट कंदमुळांचं काय कौतुक? लपण्याचं बघा. रेंजरला चौदाव्या लेव्हलला बोनस ॲक्शनमध्ये (मुख्य चालीशिवायच्या जादा चालीत) लपता येतं, चोराला ते दुसऱ्या लेव्हललाच येतं. बारा लेव्हल आधी! दहाव्या लेव्हलला अंगाला चिखल-पाला फासून लपायचं, त्यालाही एक मिनिट आणि मग हलायचं नाही. लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची असते.

हे माझं एकट्याचं मत समजू नका. सप्टेंबर २०१६ मध्ये प्रकाशकांनी सुधारित रेंजर चाचणीसाठी काढला तेव्हा खेळाडू या क्लासवर नाराज आहेत आणि बाकीच्यांच्या तुलनेत तो बराच कमकुवत समजला जातो हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं.

करायचं काय? क्लास बदलू नका. 'आपोआप होतं' असं जिथं जिथं लिहिलंय तिथं 'तिला कळतं' असं करा. वाट चुकत नाही, ठीक. पण दर दिवशी तिच्यासमोर तीन गोष्टी ठेवा: लवकर पोचणं, कुणाच्या नजरेत न येणं, रात्री निर्धास्त झोपणं. तीनपैकी दोन तिनं निवडायच्या. बाकीच्यांना एकच मिळाली असती. मग बोलणं सुरू होतं, पॅलाडिन म्हणतो लवकर चला, चोर म्हणतो नको, आणि शेवटचा शब्द तिचा. ठसे सापडले की तिला तीन प्रश्न विचारू द्या, तुम्ही खरं उत्तर द्यायचं. फासा टाकायचा तो उत्तर किती बारकाईचं मिळतं यासाठी.

भूप्रदेश जन्मभर एकच का? नव्या मुलखात तीन रात्री काढल्या आणि तिथल्या कुणाकडून काही शिकली तर तो तिचा झाला, असं धरा.


मिरज जंक्शन

मी बीस्ट मास्टर, म्हणजे जनावर सोबत घेऊन लढणारा रेंजर, खेळले आहे, म्हणून लिहिते. ताईनं हंटर घेतला ते बरं केलं.

माझा लांडगा होता. २०१४ च्या नियमात त्याला हल्ला करायला सांगायचं तर माझी ॲक्शन जाते. तो चावणार की मी बाण मारणार, एवढंच. पाचव्या लेव्हलला माझा एक बाण परत मिळाला. पण त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) माझ्या लेव्हलच्या चौपट, म्हणजे वीस. समोरच्या जादूगारानं फायरबॉल टाकला, ८डी६, सरासरी अठ्ठावीस. मी अर्ध्यावर वाचले, तो वाचला नाही.

डीएमनं पुस्तक उघडून वाचलं: आठ तास घालवून दुसऱ्या जनावराशी बंध जुळवता येतो. टेबलावरचे सगळे म्हणाले, मग उद्या दुसरा घे. मी त्या दिवशी पुढं खेळले नाही. चार महिने त्याला सोबत घेऊन फिरले होते. रात्री पहाऱ्याला तो माझ्या पायाशी असायचा हे दर सेशनला मी आवर्जून सांगायचे. पुस्तकाच्या लेखी तो मोडलेला भाला होता, बदलून मिळणारा.

२०२० च्या टाशाच्या पुस्तकात (याच खेळाच्या पुरवणी-पुस्तकात) हे सुधारलं. सोबत्याला बोनस ॲक्शनमध्ये सांगता येतं, हिट पॉइंट पाच अधिक लेव्हलच्या पाचपट. मेला तरी तासाभराच्या आत हात लावून एक स्लॉट दिला तर मिनिटभरानं उठतो, पुऱ्या हिट पॉइंटांनी. हा शेवटचा नियम वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते. कुणीतरी माझ्यासारखंच टेबलावरून उठलं असणार आणि लिहिणाऱ्यांपर्यंत ते पोचलं असणार.

त्याच पुस्तकात नॅचरल एक्सप्लोररच्या जागी डेफ्ट एक्सप्लोरर घेता येतो. एका स्किलमध्ये दुप्पट प्रावीण्य, दोन भाषा, सहाव्या लेव्हलला चढणं-पोहणं. तो जंगलात, माळावर, शहरात सगळीकडे चालतो. चारभिंती, तुम्ही म्हणता तो पाया हाच.


गुहेचं तोंड

पॅलाडिनची तुलना पटली. माझं आधीचं मत मागं घेतो. आमच्या त्या रेंजरवाल्याला मी आज फोन केला. तो म्हणाला, वर्षभर थडगी बघून तोच सगळ्यांच्या आधी कंटाळला होता, पण डीएमचे कष्ट बघून बोलला नाही.

२०२४ चं नवं पुस्तक कुणी वाचलंय का? त्यात तरी सुटलंय का हे?


हळदपेठ, सांगली

अर्धं सुटलंय. भूप्रदेश निवडण्याची भानगड गेली, वाट काढण्याचं आपोआपपण गेलं. पण आवडता शत्रू म्हणजे आता हंटर्स मार्क हे स्पेल, काही वेळा स्लॉटशिवाय फुकट. तेराव्या लेव्हलला मार खाल्ला तरी त्याचं कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवायला धरलेलं लक्ष) तुटत नाही, विसाव्याला डी६ चा डी१० होतो. कॉन्सन्ट्रेशन मात्र लागतंच, आणि एका वेळी एकाच स्पेलवर ते धरता येतं. रेंजरची पास विदाऊट ट्रेससारखी उत्तम स्पेलही तेच मागतात. म्हणजे क्लासच्या चार पायऱ्या ज्या स्पेलवर उभ्या आहेत, ते सोडल्याशिवाय रेंजरला त्याची चांगली स्पेल वापरता येत नाहीत. आणि रानाची जाण? तिच्यासाठी तुमच्या वहीतली अकरा पानंच लागतील, कुठलंही पुस्तक घ्या.


चारभिंती, सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी खेळलो, म्हणून लगेच लिहितोय. मिरजच्या ताईंनी सांगितलेला डेफ्ट एक्सप्लोरर दिला आणि हळदपेठ काकांचे तीन प्रश्न आणि तीन रात्री हे दोन्ही नियम घेतले. (चोर आउटलँडरच निघाला, काका.)

पार्टी माळावर एका धनगराच्या वाड्यावर तीन रात्री राहिली. मेंढरं गायब होत होती. मी ठरवलं होतं की नोल (तरसाच्या तोंडाची माणसं) आणि त्यांची पाळीव तरसं ती नेतायत. तिसऱ्या सकाळी वाघरीजवळ (मेंढरांभोवतीच्या जाळीजवळ) ठसे सापडले. तिनं फासा टाकला. तरस बीस्ट आहे, म्हणून ॲडव्हांटेज. एक ४ आला, एक १७.

"तीन प्रश्न," मी म्हणालो.

पहिला तिनं अपेक्षित तोच विचारला, किती आहेत. पाच, मी सांगितलं. मग ती थांबली. समोरच्या वाटीतला चिंचोका बोटांत फिरवत होती. "विष्ठा दिसतेय का कुठं? पांढरी आहे का?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तिनं सांगितलं, तरस हाडं खातं, त्यामुळं त्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी पडते. पांढरी असेल तर जुनी, म्हणजे ते इथंच येऊन-जाऊन आहेत. ओली, काळपट असेल तर आत्ताची. माझ्या वहीत यातलं काही नव्हतं. मी मनाशी हिशेब केला, ते रोज रात्री येतात, म्हणजे दोन्ही असणार. "दोन्ही आहे," मी म्हणालो. "पांढरी बरीच, ताजी थोडी."

पॅलाडिन पुढं सरकून बसला. चोरानं मोबाईल उलटा ठेवला.

"मग लांब नाहीत," ती म्हणाली. "शेवटचा प्रश्न. वारं कुठून येतंय?"

वारं पश्चिमेचं होतं. तिनं नकाशावर बोटानं ओढ्याची घळ दाखवली, पूर्वेकडून वळसा घालून जाणारी, आणि म्हणाली, लवकर पोचणं सोडूया, बाकीच्या दोन घेऊया. पॅलाडिनला घोडा वाड्यावरच ठेवायला लावला. त्यानं वाद घातला आणि शेवटी ठेवला. सव्वा तास नुसतं तेवढंच चाललं. लढाई झालीच नाही, वेळ संपली. पाचही सुपाऱ्या अजून वाटीत आहेत.

उठताना तिनं खोडरबर मागितला. शीटवरचं 'फेवर्ड एनिमी' पुसलं आणि त्या जागी पेन्सिलीनं 'माहितीतली जनावरं' असं लिहिलं. पॅलाडिनचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

आता पुढच्या रविवारी सहावी लेव्हल होईल. माहितीतल्या जनावरांत दुसरा गट कुठला घ्यायचा यावर काल रात्री तिचा फोन आला होता. तिचं मन मॉन्स्ट्रॉसिटीवर (अक्राळविक्राळ प्राण्यांवर) आहे, मला वाटतं प्लांट (वनस्पतींसारखे जीव) घ्यावा, कारण पुढं कथा परत पश्चिमेला जंगलात वळणार आहे आणि ते मला तिला आधी सांगायचं नाही. शनिवारच्या आत कुणी काही सुचवलंत तर बरं होईल.